दहा मोजेपर्यंत

एखाद्या मशीनला किती जाडीची केबल लावायची आणि कोणतं सॉकेट बसवायचं, हे ठरवायला तक्ते असतात. मशीन किती अँपिअर खेचणार, केबल किती लांब जाणार, आजूबाजूला किती उष्णता असणार, हे सगळे आकडे मांडले की शेवटी एक उत्तर निघतं. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं मी हेच शिकले. बाबांचं उत्तर मात्र माझ्या आधी तयार असायचं आणि बहुतेक वेळा ते माझ्यापेक्षा एक माप जाड असायचं.

“तुहा तक्ता एसीत बसून बनवला कोणं तरी,” ते म्हणायचे. “त्याले मे महिन्यात भिलाईले आण, भट्टीजवळ उभा कर, मंग पाह्य काय म्हणते तो.”

मी चिडायचे. तक्त्यात उष्णतेचा वेगळा हिशेब धरलेला असतो, हे मी त्यांना कितीदा समजावलं असेल. ते शांतपणे ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि कागदावर जाड केबलच लिहायचे.

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. रिटायर झाल्यावर प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर सुटलं आणि आम्ही रुआबांध्याला राहायला आलो. घरी बसून राहणं त्यांना जमेना. भिलाई-दुर्गच्या आसपास लहान लहान कारखाने भरपूर. कुठे ग्रिल बनतात, कुठे नट-बोल्ट, कुठे पोहे. तिथे कोणी इंजिनियर ठेवत नाही. नवी मशीन ट्रकमधून उतरली की मालक तिच्याभोवती दोन फेऱ्या मारतो आणि मग त्याच्या लक्षात येतं, की हिला करंट कुठून आणि कशातून द्यायचा हे आपल्याला माहीतच नाही. असे मालक बाबांना बोलवायचे. मी तोवर एका ठेकेदाराकडे नोकरीला होते. त्याच्याशी माझं पटलं नाही. माझं कोणाशी लवकर पटत नाही, ही आईची जुनी तक्रार आहे. नोकरी सोडली आणि बाबांना स्कूटीवर मागे बसवून साइटवर नेऊ लागले. आकडेमोड माझी आणि शेवटचा शब्द त्यांचा.

त्यांची एक पद्धत होती. मशीन जोडून चालू केली की ते तासभर तिथून हलत नसत. चहा आला तर तिथेच पीत. तासाने उठायचे, उजव्या हाताचा पंजा आधी सॉकेटवर ठेवायचे, मग त्यातून निघणाऱ्या केबलवर, आणि मोठ्याने मोजायचे. दहापर्यंत हात ठेवता आला तर माप बरोबर. पाच-सहाला हात उचलावासा वाटला तर एक माप वर जायचं. तीनच्या आत उचलावा लागला तर आधी मेन बंद, बाकीचं बोलणं नंतर. हे कुठल्या पुस्तकात नाही आणि ज्याला समजत नाही त्याने करूही नये. पण केबल बारीक असेल किंवा स्क्रू ढिला असेल तर तिथे उष्णता होते, आणि ती बाबांच्या पंज्याला मीटरच्या आधी कळायची. “हात सांगते,” एवढंच ते म्हणायचे.

मोजायचे ते मराठीत. प्लांटमध्ये त्यांच्याबरोबर तेलुगू होते, बंगाली होते, छत्तीसगढी होते. दिवसभर सगळे हिंदीत बोलायचे, पण केबलवर हात ठेवला की सगळे मराठीत मोजायचे, कारण ते काम बाबांकडून शिकले होते. एक ते दहा, एवढंच त्यांना मराठी येत होतं. एकदा सिविक सेंटरला आम्ही चाट खात उभे होतो, तर बाबांचे एक जुने तेलुगू साथीदार समोर आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, त्यांनी सरळ बाबांचं मनगट धरलं आणि ‘एक, दोन, तीन’ सुरू केलं. दहाला सोडलं आणि म्हणाले, “अभी भी ठंडा है.” दोघं म्हातारे भर रस्त्यात इतके हसले की चाटवाला बघत राहिला.

रविवारी विहारात वंदना झाली की बाहेर पायऱ्यांवर बाबांच्या भोवती दोन-चार जण असायचेच. कोणाच्या घरी कूलरचा प्लग वितळला, कोणाची बोअरची मोटर सारखी जळते. बाबा म्हणायचे, “येतो, हात लावून पाह्यतो.” डॉक्टर घरी येतो म्हणाला की माणूस निम्मा बरा होतो, तसं त्या लोकांचं व्हायचं.

मग बाबा बदलले. एकदम नाही, वर्षभरात. मी त्यांची सवय धरून आधीच तक्त्याच्या एक माप वर, दहा स्क्वेअरची केबल लिहिली की ते म्हणू लागले, “सहाची चालते व, कायले उगाच जाड?” मी मोठं, त्रेसष्ट अँपिअरचं सॉकेट सुचवलं की म्हणायचे, “बत्तीसचं लावू, हातानं पाऊ.” आणि हाताने पाहिलं की दरवेळी दहा पूर्ण. मालक खूश व्हायचे. मी त्यांच्याहून खूश. मला वाटलं, इतक्या वर्षांनी बाबांना माझा तक्ता पटला. मी आईला सांगितलंसुद्धा, “बाबा आता माझं ऐकतात.” हे वाक्य आठवलं की अजूनही मला माझी लाज वाटते.

शुगर त्यांना जुनी. डॉक्टरांनी पायाच्या नसांबद्दल सांगितलं होतं, रोज तळपाय बघत जा म्हणाले होते, आणि आई रोज बघायची. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळायचं नाही. एकदा किराणा दुकानातून ते एकाच पायात चप्पल घालून घरी आले, तेव्हा आम्ही मायलेकी पोट धरून हसलो होतो. तेही हसले. हातांबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. किंवा बोलले असतील आणि आमचं लक्ष पायांकडेच राहिलं असेल.

पण मी पाहिलं होतं. एका सकाळी आईने स्टीलच्या ग्लासात चहा आणला, पदराने धरून, कारण तो नुकताच उकळून उतरवलेला होता. बाबांनी तो पदरातून सरळ मुठीत घेतला आणि तसाच हातात धरून पेपर वाचत बसले. मी समोरच होते. ग्लास मी माझ्या हातात घेऊन पाहिला असता तर तिथेच सगळं उघड झालं असतं. मी त्यांच्याकडे पेपरचं आतलं पान मागितलं आणि कोडं सोडवत बसले.

तेव्हा मी गप्प का राहिले, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. खरं कारण साधं आहे. त्या हाताशिवाय बाबा कोण, हे मला माहीत नव्हतं, आणि त्यांनाही नसावं. भिलाईत त्यांना ओळखणारा प्रत्येक माणूस त्या हाताला ओळखत होता. आता ह्या माणसाला कोणी सांगायचं? आईने सांगावं, डॉक्टरांनी सांगावं, असं मला वाटत राहिलं. मी काय केलं, तर ऑनलाइन एक टेंपरेचर गन मागवली. कोरोनात सगळ्यांच्या कपाळाला लावायचे तसली, पण मशीनसाठीची. दुरून रोखली की आकडा दाखवते. ती आली त्या दिवशी मी स्कूटीच्या डिक्कीत, रेनकोटच्या खाली ठेवून दिली. साइटवर बाबांच्या देखत ती काढणं म्हणजे चारचौघांत त्यांचा हात खोटा ठरवणं. तीन-चार महिने ती रेनकोटखाली पडून होती.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. उतईच्या अलीकडे एक पोह्याची मिल आहे. मालक तरुण, सज्जन माणूस, बाबांना बाबूजी म्हणणारा. त्याने पोहे दाबायची नवी मशीन आणली होती, वीस हॉर्सपॉवरची. ती अठ्ठावीसच्या आसपास अँपिअर खेचणार होती. मी त्रेसष्टचं सॉकेट आणि दहा स्क्वेअरची केबल लिहून दिली होती, कारण शेजारीच भट्टी, वर पत्रा आणि हवेत सगळीकडे कोंडा. मिलमध्ये मात्र बत्तीसचं सॉकेट आधीपासून पडलेलं होतं. मालकाने विचारलं, “बाबूजी, ये चल जाएगा?” बाबा म्हणाले, “अठ्ठाईसच खींचेगी. लगाओ, हाथ से देखेंगे.”

मी एकदा “बाबा” म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पुढे बोलले नाही.

मिलच्या मिस्त्रीने सॉकेट बसवलं. स्क्रूचा शेवटचा पीळ नेहमीप्रमाणे बाबांनी स्वतः मारला. मशीन चालू झाली. मी क्लॅम्प मीटरने करंट पाहिला, सगळं ठीक होतं. तासाभराने बाबा उठले, सॉकेटवर पंजा ठेवला आणि मोजलं. मालकही त्यांच्यासोबत मोजत होता, सहा, सात, आठ, त्यालाही एव्हाना पाठ झालं होतं. दहा झाले. बाबा म्हणाले, “ठंडा है. चलने दो.” आम्ही घरी निघालो. डिक्कीतली गन डिक्कीतच होती.

त्या मिलमध्ये सॉकेटचा वापर कसा होतो, हे इथे सांगायला हवं. मोठ्या मशीनसाठी सॉकेट एकच. जुन्या मशीनच्या वेळेपासून पद्धत अशी, की सकाळी त्यात पोह्याची मशीन आणि दीडची सुट्टी झाली की तिचा प्लग काढून त्यात धान्य चाळायची मशीन. हा प्लग काढायचं काम मशीनवरच्या बाईचं. चाळिशीची असेल, बारीक अंगाची. दोन्ही हातांनी प्लग धरायची, भिंतीला एक पाय लावायची आणि ओढायची.

आम्ही घरी पोचलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. आईने वरण-भात वाढला. बाबा भात कालवत होते आणि आई तूप वाढायला वाकली, ती तशीच थांबली.

“अवो, हे काय झालं हाताले?”

“कुठं काय झालं?” बाबांनी पंजा उलटा करून पाहिला. अंगठ्याच्या खालच्या भागावर आणि दोन बोटांच्या मुळाशी पाण्याने टरटरून भरलेले फोड होते. एक फुटून त्यात भाताची शितं चिकटली होती.

“गाडीच्या सायलेन्सरले लागलं असन,” ते म्हणाले.

सायलेन्सरला पाय लागतो, तळहात लागत नाही. मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी उष्ट्या हाताने फोन उचलला.

“भैया, मशीन बंद करो. मेन से बंद करो. सॉकेट को कोई हाथ मत लगाना.”

“काहे दीदी? अभी तो माल चढ़ा है.”

“सॉकेट बहुत गरम है.”

“गरम कैसे होगा? बाबूजी ने मेरे सामने गिना है, पूरा दहा.” तो ‘दहा’च म्हणाला. “आपको कुछ गलतफहमी है. बाबूजी को दो ना फोन.”

मी फोन स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला. बाबा वाकले. त्यांची नजर अजून स्वतःच्या तळहातावर होती. “हाँ बेटा,” ते म्हणाले, “देखा है मैंने. ठंडा है. चलने दो.”

हे ते खोटं बोलत नव्हते. फोड डोळ्यांना दिसत होता आणि हात सांगत होता की काही झालेलं नाही, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ते हाताचं ऐकत होते. मला दुसरं काहीतरी सुचायला हवं होतं. वायर चुकीची लागली म्हणायचं, मीटर खराब होता म्हणायचं, काहीही. आज मला अशी दहा वाक्यं सुचतात. तेव्हा डोळ्यांसमोर ती बाई भिंतीला पाय लावून उभी होती आणि तोंडात एकच वाक्य आलं.

“भैया, बाबा के हाथ को अब ठंडा-गरम समझ में नहीं आता. साल भर से नहीं आता. आप मेन बंद करो.”

फोनमध्ये थोडा वेळ फक्त मशीनची घरघर येत राहिली. मग मालक कोणावर तरी ओरडला. घरघर उतरत उतरत थांबली.

बाबांनी हात ताटातून काढून घेतला.

“काय बोलून राहिली व तू बापाले?” आई म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. बाबा उठले, मोरीवर जाऊन हात धुतला, फडक्याला पुसला. आईने मलम लावून वर रुमाल बांधला, तो बांधेपर्यंत ते उभे राहिले. मग मला म्हणाले, “चाबी घे. मीबी येतो.”

उन्हात अर्धा तास लागला. आम्ही पोचलो तेव्हा मिल बंद होती आणि सगळे सॉकेटपासून दूर, दारात उभे होते. मी मेन बंद असल्याची खात्री करून सॉकेट उघडलं. आतलं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूने खाली बसलं होतं. प्लगची मूठ मऊ पडली होती. वायरचं आवरण बोट लावताच बिस्किटासारखं तुटलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. आणखी वीस मिनिटं चाललं असतं आणि दीडला कोणी तो प्लग ओढला असता तर काय झालं असतं, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना पूर्ण समजत होतं. ती बाई पुढे येऊन वाकून बघत, दोन्ही हातांनी ओढल्यासारखं करून म्हणाली, “मैं त रोज अइसने खींचथंव.” बाबांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघू लागले.

एक स्क्रू ढिला निघाला. मी तो त्यांच्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण ते माझ्या खांद्यावरून बघतच होते. स्क्रू नीट चावला की बोटांना बारीकसा अडथळा लागतो, तिथे थांबायचं असतं. ते त्यांनीच मला शिकवलं होतं. सकाळी त्यांच्या बोटांना तो लागलाच नव्हता.

“डिक्कीतली ते बंदूक आण,” बाबा म्हणाले.

मी जागची हलले नाही.

“रेनकोटच्या खाली हाय. आण.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी ती कशासाठी घेतली असेल, हेही त्यांनी ओळखलं असणार. मी गन आणून दिली. त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि मिलच्या बाहेर, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या फाटकावर रोखली. आकडा आला, अठ्ठावन्न. मग उजव्या हाताचा रुमाल सोडला आणि बोटांची टोकं, जिथे फोड नव्हते तिथली, त्या पत्र्यावर टेकवली. मी धावले, तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी मला थांबवलं. मग गन उजव्या हातात घेऊन डाव्या हाताची बोटं टेकवली. सगळे दारातून बघत होते. एखाद्या नव्या मोटरची तपासणी करावी तसे ते शिस्तीत, क्रमाने करत होते.

“डाव्याले थोडं थोडं समजते,” ते म्हणाले. मग उजवा पंजा स्वतःसमोर धरला आणि प्लांटच्या स्टोअरमध्ये खराब मालावर जो शिक्का मारतात तो शब्द उच्चारला, “रिजेक्ट.”

मालक जवळ आला आणि त्याने बाबांच्या पायांना हात लावला. मोठ्या मनाचा माणूस. पण मला तो स्पर्श सहन झाला नाही. निरोप देताना करतात तसं ते वाटलं.

पुढच्या पंधरा दिवसांत मी एकटी गन घेऊन वर्षभरातल्या सगळ्या साइटवर जाऊन आले. दोन ठिकाणी सॉकेट बदलायला लावलं, एका ठिकाणी केबल. प्रत्येक ठिकाणी लोकांनी विचारलं, बाबूजी नाही आले? मी सांगायचे, उन्हाचं बाहेर पडत नाहीत. बाबा त्यानंतर कुठल्याच साइटवर आले नाहीत. विहाराच्या पायऱ्यांवरही वंदना संपली की थांबेनासे झाले. कोणी कूलरचं, मोटरचं विचारलं तर म्हणायचे, “पोरीले विचारा.” मी मीटर आणि गन घेऊन त्या घरांमध्ये जाते. आकडा बरोबर येतो. तरी निघताना घरातलं एखादं म्हातारं माणूस सॉकेटकडे बघून विचारतंच, हात नाही लावला का?

पण त्या दुपारचं मिलमधून घरी येणं राहिलं सांगायचं. खरं तर तेच सांगायला हे सगळं लिहायला घेतलं.

रस्ता रिकामा होता. बाबा मागे बसले होते. मिल मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, “वर्षभर तुले मालूम होतं?”

“नक्की नाई मालूम होतं. वाटत होतं.”

“मंग मले कावून नाई सांगतलं?”

“तुमाले वाईट वाटन म्हणून.”

त्यांनी सुटलेला रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाले, “मालकाले सांगतलं तू. मले त्याच्यासंगंच समजलं, फोनवर, जेवता जेवता.”

मी हेल्मेटच्या आत रडत होते आणि गाडी सरळ ठेवत होते.

“तू बरोबर केलं,” बाबा म्हणाले. “ते बाई होती तिथं. मी असतो तं मीबी तेच केलं असतं. पण आता पुढं असं नाई करायचं. मले आता आतून समजत नाई बेटा. जे समजन ते तुह्या तोंडूनच समजन. हाताचं, पायाचं, काईबी दिसलं तं पयले मले सांगाचं. वाईट वाटलं तं वाटू दे. सांगशीन?”

“हो बाबा.”

“खरं सांगशीन?”

“खरं सांगीन.”

पुढे रस्ता खणलेला होता आणि गाडी जोरात उसळली. बाबांनी तोल सांभाळायला डाव्या हाताने माझा खांदा पकडला. त्यांची बोटं हाडापर्यंत रुतली. इतक्या जोराने त्यांनी मला लहानपणीसुद्धा कधी धरलं नव्हतं. खड्डा मागे गेला तरी पकड सैल झाली नाही, कारण ती घट्ट आहे हे त्यांना कळतच नव्हतं. कळ मानेपर्यंत जात होती.

“जोरानं तं नाई धरलं व मी?” त्यांनी माझ्या कानाजवळ येऊन विचारलं. “लागत असन तं सांग.”

“नाई बाबा,” मी म्हटलं. “हलकाच हाय हात.”